मी बाजू बदलली

२००६च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत नील बर्गरचा ‘द इल्यूजनिस्ट’ लागला आणि दोन महिन्यांनी क्रिस्टोफर नोलनचा ‘द प्रेस्टिज’. दोन्हींत जादूगार, दोन्हींत गेल्या-मागल्या शतकांचा सांधा, दोन्हींत रंगमंचावर एक आणि पडद्यामागे भलतंच. यातला सरस कुठला, यावर सिनेमावेडे अजून भांडतात. मी वर्षानुवर्षं ‘इल्यूजनिस्ट’च्या बाजूने भांडले. आता मी पलीकडे गेलेय. (पुढे दोन्ही सिनेमांची रहस्यं फुटणार आहेत. पाहिले नसतील तर आधी पाहून या.)

‘प्रेस्टिज’वर माझा राग होता तो टेस्लाच्या यंत्रापायी. अँजियर आणि बॉर्डन हे दोघे वैरी जादूगार एकमेकांचे खेळ उधळतात, वह्या पळवतात, बोटंही उडवतात. बॉर्डन या दारातून आत जातो आणि त्याच क्षणी पलीकडच्या दारातून बाहेर येतो, ते कसं, या कोड्याने आपण पार बेजार झालेले असतो. आणि मग अँजियर कोलोरॅडो स्प्रिंग्जला जातो, तिथे डेव्हिड बोवीने केलेला निकोला टेस्ला त्याला एक यंत्र बनवून देतो, आणि त्यातून चक्क माणसाची दुसरी प्रत निघते! टेस्लाची प्रयोगशाळा १८९९मध्ये तिथे खरोखर होती. पण त्याची खटपट बिनतारी वीज पाठवायची होती, माणसं छापायची नव्हे. रहस्यकथा रंगवत न्यायची आणि उत्तर द्यायची वेळ आली की विज्ञानकथेत पळून जायचं, ही शुद्ध लबाडी, असं मी तावातावाने सांगायचे. त्यापुढे ‘इल्यूजनिस्ट’ कसा खानदानी! व्हिएन्ना, डिक पोपने टिपलेला तो मधाळ उजेड, फिलिप ग्लासचं संगीत, आणि कसलाही खुलासा न करता खुर्चीत बसून राहणारा एडवर्ड नॉर्टनचा आयझेनहाइम.

माझं मत पहिल्यांदा हललं ते संत्र्याच्या झाडामुळे. आयझेनहाइम कुंडीत बी टाकतो, बघता बघता झाड वाढतं, संत्री लागतात आणि शेवटी दोन फुलपाखरं प्रेक्षकांतल्या बाईंचा रुमाल उचलून वर आणतात. हा खेळ मूळचा रोबेर-हुदँ या फ्रेंच जादूगाराचा. गडी मुळात घड्याळजी. १८४५मध्ये त्याने पॅरिसला पॅले रोयालमध्ये आपलं थिएटर काढलं. त्याचं झाड यांत्रिक होतं. पानांत दडलेली फुलं यंत्राच्या जोरावर बाहेर सरकत आणि नंतर फळं दिसू लागत. ती फळं खरी असत. तो ती तोडून प्रेक्षकांना वाटायचा. शेंड्याचं एक संत्रं मात्र यांत्रिक. ते उघडायचं आणि पितळी करामतीची फुलपाखरं रुमाल पसरून धरायची. (आपल्याकडचे रस्त्यावरचे जादूगार कोय पुरून, वर फडकं टाकून आंब्याचं रोप काढून दाखवत, तेही कॅमेऱ्याशिवाय.)

हे वाचून सिनेमा पुन्हा लावला, तर झाडाची ती सळसळती वाढ डोळ्यांना खुपायला लागली. ती संगणकाने केलेली आहे. शेवटी इन्स्पेक्टर ऊलच्या हातात झाडाच्या रचनेची चित्रं येतात. म्हणजे सिनेमाचं म्हणणं असं, की हे सगळं यंत्रावर चालतं. पण पडद्यावर जे वाढताना दिसतं ते कुठल्याच यंत्राने वाढलं नसतं. पुढे आयझेनहाइम स्टेजवर मेलेली माणसं बोलावतो, ती प्रेक्षकांतून चालत जातात, त्यांच्या अंगातून हात आरपार जातो. ही चलाखी आहे, एवढं सिनेमा सांगतो. कशी, ते शेवटपर्यंत नाही. ज्याला मी संयम म्हणत होते, तो उत्तरच हाताशी नसल्याचा परिणाम होता. शिवाय स्टीव्हन मिलहॉझरच्या मूळ कथेत आयझेनहाइमला तोडीस तोड प्रतिस्पर्धी भेटतात, आणि त्यातला एक खुद्द तोच निघतो. सिनेमाने हे सोडून राजपुत्र आणि प्रेमकथा घेतली. घाट्याचा सौदा!

मग ‘प्रेस्टिज’कडे वळले. अँजियर आपलं यंत्र एका थिएटरवाल्याला दाखवतो, तो प्रसंग मी इतकी वर्षं नुसताच पाहिला होता. म्हातारा हबकतो, आणि भानावर आल्यावर सल्ला काय देतो? याला जरा सजवा, लोकांना शंका घ्यायला जागा ठेवा. खरी जादू हाती आलेल्या माणसाला ती खोटी भासवावी लागते! यंत्र हे कोड्याचं उत्तर नव्हतंच. कोडं बॉर्डनचं होतं, आणि त्याचं उत्तर अगदी घरगुती आहे: दोन भाऊ, एक आयुष्य आळीपाळीने जगणारे. अँजियरला ते पटत नाही, म्हणून तो यंत्राकडे धावतो आणि रोज रात्री टाकीत स्वतःलाच बुडवतो.

आणि नोलनने काही लपवलेलं नाही. मायकल केनचा कटर पहिल्यापासून सांगतो की बॉर्डन तोतया वापरतो. पिंजऱ्यातल्या पक्ष्याचा खेळ बघून एक पोरगा रडत त्या पक्ष्याच्या भावाची चौकशी करतो. बॉर्डनच्या बोटांची जखम बरी होत आलेली असताना पुन्हा पहिल्या दिवसासारखी वाहते, बायको चक्रावते. दुसऱ्या भावाचीही बोटं तोडली आहेत, हे तिला कसं कळणार? ‘राम और श्याम’, ‘सीता और गीता’वर पोसलेला आपल्याकडचा प्रेक्षक, त्याला तरी हे लगेच कळायला हवं होतं. पण आपल्या सिनेमांत डबल रोल वाजतगाजत येतो. २०१३च्या ‘धूम ३’ने हेच जुळ्यांचं रहस्य उचललं आणि अर्ध्यातच उघडं करून टाकलं.

‘प्रेस्टिज’मधला चुंग लिंग सू हा चिनी जादूगार झग्याखाली, गुडघ्यांमध्ये माशांचं जड भांडं धरतो, आणि ते कळू नये म्हणून रस्त्यावरही आयुष्यभर पंगूसारखा चालतो. खरा चुंग लिंग सू तर चिनीही नव्हता. तो विल्यम रॉबिन्सन नावाचा अमेरिकन. चिंग लिंग फू या अस्सल चिनी जादूगाराची नक्कल करून तो मोठा झाला, १९०५मध्ये लंडनला दोघांची जुंपली, तेव्हा सामन्याला फू फिरकलाच नाही आणि नकली चिनी जिंकला. रंगमंचावर तो इंग्रजी बोलत नसे. २३ मार्च १९१८ला वुड ग्रीन एम्पायर थिएटरात गोळी झेलण्याच्या खेळात बंदुकीची छुपी रचना फसली, खरी गोळी छातीत घुसली, आणि तो पहिल्यांदा इंग्रजीत ओरडला. दुसऱ्या दिवशी गेला. हे वाचल्यावर बॉर्डन बंधू मला अतिशयोक्त वाटेनात.

‘इल्यूजनिस्ट’ मी टाकून दिलेला नाही. पॉल जियामाटीच्या ऊलसाठी तो कधीही पाहीन. पण जादूगारांचा सिनेमा म्हणून माझं मत ‘प्रेस्टिज’ला. पुन्हा लावाल तेव्हा एक करा: बॉर्डनकडे बघू नका, त्याच्यामागे मुकाट उभ्या असलेल्या त्याच्या त्या दाढीवाल्या मदतनिसाकडे, फॅलनकडे बघा.