भेगेवरची काच

गिरगावातल्या एका जुन्या चाळीत गॅलरीलगतच्या भिंतीला तडा गेला होता. गिलावा खरवडून मी भेगेवर आडवी काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवली, शेजारी पेन्सिलीने तारीख लिहिली. भिंत हलली की काच तडकते. समोरच्या खोलीतल्या आजींनी विचारलं, "साहेब, घर पडेल का हो?" म्हटलं, "आजी, आज नाही सांगता येणार. वर्षभर बघू या."

भेग थंडीत रुंदावते, उन्हाळ्यात मिटत येते. म्हणून भेगेच्या दोन्ही अंगांना खिळे ठोकून दर महिन्याला त्यांतलं अंतर व्हर्नियरने मोजायचं. मागच्या थंडीचं माप या थंडीत पुन्हा आलं, तर काळजी कमी. वाढून आलं, तर भिंत सरकते आहे.

काँक्रीटचं दुखणं आणखी लपलेलं. ताज्या फोडलेल्या तुकड्यावर फिनॉल्फ्थॅलीन शिंपडलं की निरोगी भाग गुलाबी होतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने पोखरलेला भाग कोरा राहतो. हा कोरा थर सळईपर्यंत पोचला, की गंजाला वाट मोकळी. गंज फुगतो आणि स्लॅबचे पोपडे सुटतात.

पण मोजणीची किंमत ठरते ती मोजल्यावर काय करतो यावर. एका इमारतीत मी तीन वर्षं नोंदी घेतल्या. अहवाल कपाटात गेले, टेकू एकही लागला नाही. ती मेहनत फुकट गेली, याची सल अजून आहे.

पुलांचंही तसंच. महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला. दोन एसटी गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. नदीवरच्या पुलाचं दुखणं बहुधा पाण्याखाली, खांबाच्या पायथ्याशी असतं. तिथली माती किती वाहून गेली हे मोजायला हवं, आणि पाणी कोणत्या खुणेवर चढलं की वाहतूक थांबवायची, कोणी थांबवायची, हे पावसाळ्याआधीच ठरायला हवं.

गिरगावातल्या त्या चाळीत कोणत्या मापाला काय करायचं, ते आम्ही आधीच ठरवलं. सगळ्या भाडेकरूंसमोर लिहून काढलं: मागच्या थंडीपेक्षा भेग एक मिलिमीटर वाढली तर टेकू, दोन वाढली तर खोल्या रिकाम्या. दुसऱ्या थंडीत वाढ एक मिलिमीटर भरली. त्याच आठवड्यात टेकू उभे राहिले, कोणी हुज्जत घातली नाही.

तडकलेल्या काचेशेजारी मी नवी पट्टी लावली. आजींनी पेन्सिल मागून घेतली आणि तारीख स्वतः लिहिली.