रंगातून निघालेले औषध

सियालदह स्थानकातून बाहेर पडणाऱ्या गर्दीच्या वाटेवरच नीलरतन सरकार वैद्यकीय महाविद्यालय लागते. शंभर वर्षांपूर्वी येथे कॅम्पबेल रुग्णालय आणि वैद्यकीय शाळा होती. तिच्यातील एका लहानशा खोलीत डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी काळ्या आजारावरील औषध शोधीत होते. खोलीत गॅस नव्हता, वीज नव्हती, पाण्याचा नळही नव्हता. रात्रीचे प्रयोग रॉकेलच्या धुरकट दिव्यावर चालत. ऑक्टोबर २०२३ मध्ये बांगलादेश हा सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून काळा आजार संपवणारा जगातील पहिला देश ठरला, तेव्हा या खोलीची आठवण निघायला हवी होती.

तिची कथा मात्र रंगांच्या कारखान्यापासून सांगावी लागते. १८५६ मध्ये विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा विद्यार्थी लंडनमध्ये डांबरातील अॅनिलीनपासून क्विनाइन, म्हणजे हिवतापाचे औषध, बनवू पाहत होता. हाती आला तो जांभळा रंग. तापाचे औषध शोधताना रंग सापडला आणि एक प्रचंड उद्योग उभा राहिला. त्याच उद्योगाने पुढे तापाचा जंतू डोळ्यांना दाखवला, हा योगायोग वाटतो. परंतु त्यामागे रसायनशास्त्र आहे.

मिथिलीन ब्ल्यू हा रंग १८७६ मध्ये हाइनरिश कारो यांनी तयार केला. त्याचा रेणू प्रकाशातील तांबडा भाग शोषतो, म्हणून तो निळा दिसतो. रेणूवर धनप्रभार असतो. त्यामुळे पेशीकेंद्रातील आम्लांच्या ऋणप्रभारित फॉस्फेट गटांना तो चिकटतो. इओसिन हा रंग उलट प्रकृतीचा. तो ऋणप्रभारित असल्याने हिमोग्लोबिनसारख्या प्रथिनांवर गुलाबी छटा चढवतो. दोन्ही रंग एकत्र केले तर दोनच छटा मिळाव्यात. प्रत्यक्षात जुन्या, काहीशा बिघडलेल्या द्रावणात तिसरी, जांभळट छटा उमटते, हे रोमानोव्स्की यांनी १८९१ मध्ये दाखवले. साठवणीत मिथिलीन ब्ल्यूचा एक मिथाइल गट गळून अॅझ्युर बी तयार होतो, आणि त्याची इओसिनशी जोडी जमली की ही छटा येते. शिळे द्रावण ताज्यापेक्षा गुणकारी ठरावे, असे प्रसंग प्रयोगशाळेत विरळाच.

सियालदहहून सुटणारी लोकल दुसऱ्याच स्थानकावर दमदमला पोचते. तेथील छावणीत ताप जडलेला एक सैनिक इंग्लंडमध्ये नेटली येथे मरण पावला. १९०० मध्ये विल्यम लीशमन यांनी त्याच्या प्लीहेचा लेप असाच रंगवून पाहिला. पेशींत फिकट निळ्या अंडाकृती कणांमध्ये दोन जांभळे ठिपके होते, एक मोठा गोल आणि शेजारी एक काडीसारखा बारीक. लीशमन यांनी हे १९०३ मध्ये प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षी मद्रासमध्ये चार्ल्स डोनोव्हन यांनाही ते कण दिसले. रंगाविना ते दिसले नसते असे नाही; पण ओळखू आले नसते.

जंतू दिसला तरी रुग्ण मरतच होते. प्लीहा पोटभर वाढे, कातडी काळवंडे, आणि उपचार न झालेले बहुतेक सर्व दगावत. १९१५ पासून टार्टर एमेटिक हे अँटिमनीचे क्षार शिरेतून देऊ लागले. ते विषारी होते आणि उपचार लांबत. येथे रंगशास्त्र दुसऱ्यांदा उपयोगी पडले. मॅजेंटा रंगासाठी कारखान्यांत अॅनिलीन आणि आर्सेनिक आम्ल एकत्र तापवीत. फ्रेंच रसायनज्ञ बेशां यांना याच मिश्रणातून एक रंगहीन पदार्थ मिळाला होता. पाउल एर्लिख यांनी १९०७ मध्ये त्याची खरी रचना उलगडली आणि तेथून सिफिलिसवरील साल्व्हर्सानपर्यंत मजल मारली. आवर्त सारणीत आर्सेनिकच्या खाली अँटिमनी आहे. आर्सेनिकच्या जागी अँटिमनी बसवावा, हा विचार मग स्वाभाविकच होता.

तो बसवण्याची किल्ली म्हणजे पेटर ग्रीस यांनी १८५८ मध्ये शोधलेली डायझो संयुगे. अॅनिलीनवर्गीय पदार्थ थंडीत नायट्रस आम्लाबरोबर ठेवला की डायझोनियम क्षार मिळतो. त्याला फिनॉलशी जोडले तर नारिंगी, तांबडे अॅझो रंग तयार होतात. आजही कापडगिरण्यांत हेच चालते. परंतु त्याच क्षारात अल्कधर्मी अँटिमनी ऑक्साइड घातले, तर नायट्रोजन वायुरूपाने निघून जातो आणि त्याच्या जागी अँटिमनी येऊन बसतो. कृतीची शेवटची पायरी वेगळी, एवढाच रंग आणि औषध यांतील फरक. अशा मार्गाने मिळणाऱ्या स्टिबॅनिलिक आम्लाची ब्रह्मचारींनी युरियाशी सांगड घातली. हेच युरिया स्टिबामाइन. १९२२ मध्ये त्यांनी आठ रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. औषधाची नेमकी रचना पुढेही वादात राहिली. आसामच्या चहामळ्यांत मात्र महिनोन्‌महिन्यांचा उपचार काही आठवड्यांवर आला आणि माणसे वाचू लागली. १९२९ मध्ये ब्रह्मचारींचे नाव नोबेलसाठी सुचवले गेले. पारितोषिक मिळाले नाही, याची हळहळ पुष्कळ व्यक्त होते. त्या खोलीत नळ का नव्हता, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

अँटिमनीला पुढे बिहारमधील परजीवी दाद देईनासे झाले आणि अँफोटेरिसिनने त्याची जागा घेतली. निदानही आता बहुधा रक्ताच्या थेंबावर, पट्टीने होते. पट्टीचे उत्तर संशयास्पद वाटले, की अस्थिमज्जेचा किंवा प्लीहेचा लेप काचपट्टीवर घेतला जातो. त्यावर मिथेनॉलमधील लीशमन रंगाचे थेंब पडतात, मिनिटाभराने पाणी मिसळले जाते, दहाएक मिनिटे थांबून पट्टी धुतली जाते. आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते दोन ठिपके शोधले जातात.