ऐकणाऱ्यांचं शहर

हिरोशिमा स्टेशनाकडून ट्राम शहराच्या मध्याकडे निघाली, की थोड्या थोड्या अंतराने पूल लागत राहतात. समुद्राजवळ येता येता ओता नदीला फाटे फुटतात आणि त्यांच्या मधल्या गाळाच्या बेटांवर हे शहर पसरलं आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस मोरी तेरुमोतो या सरदाराने इथे किल्ला बांधला आणि त्याच्याभोवती वस्ती वाढली. पुढे त्याच किल्ल्यात लष्कराचं ठाणं आलं. १८९४ मध्ये जपानने चीनशी युद्ध पुकारलं तेव्हा खुद्द सम्राट इथे मुक्कामाला होता आणि उजिना बंदरातून फौजा रवाना होत होत्या. १९४५ पर्यंत हिरोशिमाची ओळख लष्करी शहर अशीच होती. ते विसरून इथे फिरू नये असं मला वाटतं.

या ट्रामलाही इतिहास आहे. युद्धात पुरुष आघाडीवर गेले, गाड्या चालवायला माणसं उरली नाहीत. म्हणून ट्राम कंपनीने १९४३ मध्ये मुलींची शाळा काढली. चौदा ते सतरा वर्षांच्या या मुली अर्धा वेळ शिकायच्या, अर्धा वेळ तिकिटं फाडायच्या आणि गाड्याही चालवायच्या. ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी त्यांतल्या अनेक जणी कामावर होत्या. अणुबॉम्ब पडल्यावर तिसऱ्याच दिवशी मार्गाच्या एका छोट्या टप्प्यावर ट्राम पुन्हा धावली आणि वाचलेल्या मुली तिच्यावर कामाला उभ्या राहिल्या. युद्ध संपताच शाळा बंद झाली. त्या वेळच्या डब्यांपैकी ६५१ आणि ६५२ क्रमांकाचे डबे मात्र आजवर जपले आहेत. माझ्या डब्यात गणवेशातली मुलं दप्तरं पायाशी ठेवून उभी होती. वयाने तेवढीच.

आइओई पुलाशी उतरले. हा पूल इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा. आकाशातून सहज ओळखू येतो, म्हणून अमेरिकी विमानातल्यांनी त्याच्यावरच नेम धरला होता. तो थोडा चुकला. सकाळी सव्वाआठला, जवळच्या शिमा रुग्णालयाच्या माथ्यावर, सुमारे ६०० मीटर उंचीवर युरेनियमचा बॉम्ब फुटला. वर्ष संपेपर्यंत सुमारे १,४०,००० माणसं मेली. त्यांत शाळकरी मुलं फार होती, कारण हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून घरं पाडून मोकळे पट्टे तयार करण्याच्या कामावर बारा-तेरा वर्षांच्या हजारो मुलामुलींना त्या सकाळी उघड्यावर जुंपलं होतं.

पुलावरून खाली दिसतो तो घुमट. यान लेत्झेल या चेक वास्तुविशारदाने बांधलेलं आणि १९१५ मध्ये उघडलेलं हे प्रदर्शन-भवन. घुमटाच्या सांगाड्याचं चित्र जगभर पोहोचलं आहे, पण तो उभा का राहिला हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. युद्धानंतर बरीच वर्षं गावात दोन तट होते. पाहवत नाही, पाडून टाका, असं म्हणणाऱ्यांत होरपळलेली माणसंही होती. काजियामा हिरोको ही मुलगी बॉम्ब पडला तेव्हा एक वर्षाची होती आणि १९६० मध्ये सोळाव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेली. तिने रोजनिशीत या इमारतीबद्दल लिहून ठेवलं होतं. ते वाचून शाळकरी मुलांच्या एका गटाने सह्या गोळा करायला सुरुवात केली, आणि १९६६ मध्ये नगरसभेने घुमट जपण्याचा ठराव केला. १९९६ मध्ये तो जागतिक वारसा झाला. सासाकी सादाको आणि तिचे कागदी बगळे आपल्याकडच्या मुलांनाही माहीत असतात. तिचं स्मारक १९५८ मध्ये उभं राहिलं तेही तिच्या वर्गमित्रांनी देशभरच्या शाळांकडून वर्गणी मागून.

हे सगळं पाहताना एक गोष्ट माझ्या मनात पक्की होत गेली. या गावात आठवण टिकली ती मोठ्यांनी सांगितली म्हणूनच नव्हे. मुलांनी ती मागितली, म्हणून.

मोठी माणसं तर कित्येक वर्षं गप्प होती. त्या गप्प बसण्याला कारणं होती. अमेरिकी ताबा होता तोवर, म्हणजे १९५२ पर्यंत, बॉम्बच्या परिणामांविषयी छापण्यावर निर्बंध होते. १९४७ मध्ये अमेरिकेने इथे वैद्यकीय आयोग नेमला. तो या लोकांना तपासायचा, मोजायचा, त्यांच्या नोंदी ठेवायचा, पण उपचार करायचा नाही. बॉम्बमधून वाचलेल्यांना जपानीत हिबाकुशा म्हणतात. ही ओळख कळली की ठरलेली लग्नं मोडत. मुलं धड होणार नाहीत अशी धास्ती सासरच्यांना असे, म्हणून आयांनी मुलींना सांगून ठेवलं होतं की कुठे बोलू नका. आणि या सगळ्याच्या तळाशी आणखी एक दुःख होतं: ढिगाऱ्याखालून हाक येत होती आणि आपण पळालो.

पुलाजवळच्या स्मृती उद्यानात, तिथल्या अणुबॉम्ब-संग्रहालयाजवळ, आओगिरीची झाडं आहेत. रुंद पानांची, हिरव्या सालीची. त्यांच्या सावलीत मी बराच वेळ बसले, नुमाता सुझुको यांच्यासाठी. बॉम्ब पडला तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या, स्फोटाच्या जागेपासून सव्वा किलोमीटरच्या आसपास दळणवळण खात्याच्या कचेरीत नोकरीला. डावा पाय चिरडला, मांडीपासून कापावा लागला. ज्याच्याशी लग्न ठरलं होतं तो लढाईत आधीच मेला होता, हे त्यांना नंतर कळलं. जगावंसं वाटेना. कचेरीच्या अंगणातल्या करपलेल्या आओगिरीला पुढे पालवी फुटलेली त्यांनी पाहिली आणि जगायचं ठरवलं. मग शिक्षिका झाल्या, मुलींना शिकवत आयुष्य काढलं. पायाबद्दल मात्र चकार शब्द नाही.

त्यांना बोलतं केलं ते एका फिल्मने. ताब्याच्या काळात अमेरिकी लष्कराने इथे चित्रीकरण केलं होतं आणि ते अमेरिकेत नेऊन ठेवलं होतं. १९८० च्या सुमारास जपानी नागरिकांनी वर्गणी काढली, प्रत्येकाने दहा फूट फिल्मच्या किमतीचे पैसे द्यायचे, आणि ती विकत परत आणायची. त्या फिल्ममध्ये इस्पितळातल्या तरुण नुमाता होत्या. त्यानंतर त्या बोलू लागल्या. १९७३ मध्ये ही झाडं कचेरीच्या अंगणातून उद्यानात आणून लावली होती. सहलीला आलेल्या मुलांना त्यांच्याखाली बसवून त्या सांगत राहिल्या. २०११ मध्ये त्या वारल्या. मला त्यांची सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती ही, की त्या आपल्या दुःखापाशी थांबल्या नाहीत. मलेशियात जाऊन जपानी सैन्याच्या हातून ज्यांची माणसं मारली गेली त्यांना त्या भेटल्या, आणि ते हिरोशिमाच्या मुलांना सांगितलं. उद्यानात कोरियन मृतांचं स्मारकही आहे. १९७० मध्ये ते उद्यानाच्या हद्दीबाहेर उभारावं लागलं होतं. आत यायला १९९९ उजाडलं.

संग्रहालयात जे पाहिलं त्याबद्दल थोडंच लिहिते. जवळजवळ चार वर्षांच्या शिनइचीची तीनचाकी सायकल. वडिलांनी ती त्याच्यासोबत अंगणात पुरली होती आणि चाळीस वर्षांनी उकरून इथे दिली. जळलेल्या जेवणाचा काळा गोळा असलेला डबा. तो ज्याचा होता त्या मुलाला आईने त्याच डब्यावरून ओळखलं. या दालनांतून लोक पुटपुटतसुद्धा नाहीत.

मी आले होते ते मात्र पुढच्या गोष्टीसाठी. २०१२ मध्ये हिरोशिमा नगरपालिकेने एक अभ्यासक्रम सुरू केला. ज्याने बॉम्ब पाहिला नाही अशा माणसाने एका हिबाकुशाची साक्ष शिकून घ्यायची आणि त्यांच्या पश्चात ती सांगत राहायची. या कथनकारांना देन्शोशा म्हणतात. आधी इतिहास आणि किरणोत्साराचे परिणाम यांचा अभ्यास, मग कसं बोलावं याचे धडे, मग त्या हिबाकुशासमोर वारंवार बसणं. गायकाने गुरूसमोर बसून एकच चीज महिनोन्‌महिने घोटावी, तसं हे चालतं. मग आपल्या शब्दांत संहिता लिहायची, ती त्या वृद्धांना दाखवायची, आणि त्यांनी मान्य केली तरच लोकांसमोर उभं राहायचं. या सगळ्याला दोन-तीन वर्षं जातात. २०२२ पासून हिबाकुशांच्या घरातल्या माणसांसाठीही अशी सोय झाली आहे.

मी ऐकलेल्या देन्शोशा, त्या दुपारी इंग्रजीत बोलणाऱ्या बाई, चाळिशीच्या होत्या. समोर मोजके परदेशी प्रवासी आणि एक जपानी कुटुंब. ज्यांची साक्ष त्या सांगत होत्या त्या आजी बॉम्बच्या वेळी शाळकरी होत्या. भाजलेल्या मैत्रिणीने पाणी मागितलं. भाजलेल्याला पाणी दिलं की तो मरतो, असं तेव्हा सगळ्यांना सांगितलेलं होतं, म्हणून दिलं नाही. मैत्रीण तशीही गेली. हे मी इथे चार ओळींत लिहिलं. त्या बाईंनी ते सावकाश, आवाज न चढवता सांगितलं. रडवण्याचा प्रयत्न कुठेच नव्हता. आणि पूर्ण वेळात त्या एकदाही ‘मी’ म्हणाल्या नाहीत. ‘त्यांनी पाहिलं’, ‘त्या म्हणाल्या’, असंच. दुसऱ्याचं दुःख आपलं म्हणून मिरवायचं नाही, ही शिस्त मला फार मोलाची वाटली.

नंतर मी विचारलं, सर्वांत अवघड काय गेलं? त्या म्हणाल्या, “प्रश्न विचारणं. आजींना त्रास होईल म्हणून पहिले काही महिने मी विचारलंच नाही. मग त्याच म्हणाल्या, तू विचारलं नाहीस तर मला आठवणार कसं?”

कथनात त्यांनी दाखवलेल्या चित्रांपैकी एक तैलचित्र शाळेतल्या विद्यार्थ्याने काढलेलं होतं. चित्रांचीही परंपरा इथे आहे. १९७४ मध्ये एक सत्त्याहत्तर वर्षांचे गृहस्थ आपण काढलेलं त्या दिवसाचं चित्र घेऊन एनएचके या जपानी प्रसारण संस्थेच्या स्थानिक केंद्रात गेले. केंद्राने आवाहन करताच लोकांनी जाहिरातींच्या कागदांमागे, मिळेल त्या रंगांनी काढलेली शेकडो चित्रं आणून दिली. आणि २००७ पासून मोतोमाची हायस्कूलचे कलाशाखेचे विद्यार्थी हिबाकुशांच्या जोडीने चित्रं काढतात. एकेका चित्राला जवळजवळ वर्ष जातं. मुलगा रेखाटन दाखवतो, वृद्ध सांगतात, आकाश असं नव्हतं, हात असे लोंबत नव्हते, आणि तो पुन्हा काढतो. कुणाकडेच छायाचित्र नसलेला तो क्षण दोघं मिळून शोधतात. सोळा वर्षांच्या मुलाने हे काम पत्करावं याचं मला कौतुक नाही, आदर वाटतो.

संग्रहालयात हिरोशिमाच्या महापौरांची पत्रंही आहेत. कुठल्याही देशाने अणुचाचणी केली की महापौर निषेधाचं पत्र धाडतात. १९६८ पासून हा नेम आहे. १९५७ मध्ये पंडित नेहरू इथे आले तेव्हा हजारो लोक त्यांना ऐकायला जमले होते. मे १९९८ मध्ये याच गावाने आपल्या पोखरणच्या चाचण्यांचाही निषेध केला. भारतीय माणसाने इथे केवळ हळहळून परतू नये, ही दोन्ही सालं शेजारी ठेवून विचार करावा.

डिसेंबर २०२४ मध्ये हिबाकुशांच्या संघटनेला, निहोन हिदानक्योला, शांततेचं नोबेल मिळालं. ऑस्लोतलं भाषण नागासाकीचे तानाका तेरुमी यांनी केलं. बॉम्बच्या वेळी ते तेरा वर्षांचे होते, भाषणाच्या वेळी ब्याण्णवचे. मार्च २०२५ अखेर नोंदलेल्या हिबाकुशांची संख्या पहिल्यांदाच एक लाखाखाली आली: ९९,१३०. सरासरी वय शहाऐंशीच्या पुढे.

जपानला जाणारे आपल्याकडचे पुष्कळ प्रवासी घुमटासमोर फोटो काढून दुपारच्या बोटीने मियाजिमा बेटावर जातात. माझी विनंती आहे, एक दुपार इथे ठेवा. देन्शोशांची कथनं विनामूल्य असतात, इंग्रजीतही असतात. घरातलं बारा-तेरा वर्षांचं मूल बरोबर असेल तर त्यालाही आत न्या, आणि शेवटी प्रश्न त्याला विचारू द्या.