सायकलीची मंजूषा : पुण्याहून लेहपर्यंत

संस्कृतच्या विद्यार्थ्यास ‘मंजूषा’ हा शब्द दोन ठिकाणीं विशेष भेटतो. एक महाभारताच्या वनपर्वांत, जेथें कुंती आपल्या नवजात पुत्रास मंजूषेंत निजवून अश्वनदीच्या प्रवाहांत सोडते. आणि दुसरें काशीस्थ नागेशभट्टांच्या व्याकरणग्रंथाच्या नांवांत. आमचें अध्यापकीय आयुष्य या दुसऱ्या मंजूषेच्या नुसत्या नांवाच्या धाकांत गेलें. निवृत्तीनंतर एका तिसऱ्याच मंजूषेची चिंता आम्हांस वाहावी लागेल, आणि त्या कामीं पहिलीचा दृष्टांत उपयोगी पडेल, असें मात्र कधीं वाटलें नव्हतें.

झालें असें कीं, आमच्या थोरल्या बंधूंच्या नातीनें लेह येथें जाऊन खारदुंग खिंड सायकलीवरून चढण्याचा मनोदय एके रात्रीं जेवणाच्या वेळीं जाहीर केला. सायकल तिनें स्वतःच्या पगारांतून घेतलेली. तेव्हां ती नको म्हणण्याचा अधिकार कोणाकडेच नव्हता. “भाऊआजोबा बरोबर येत असतील तर जा,” एवढीच अट वहिनींनीं घातली, आणि अशा रीतीनें त्या मोहिमेंत आमची भरती झाली.

दोन वर्षांपूर्वीं हीच मुलगी सोबत्यांसह पुण्याहून कन्याकुमारीस सायकलीनें गेली होती. परततांना सायकली गोणपाटांत शिवून आगगाडीच्या सामानाच्या डब्यांतून आल्या. घरीं उलगडून पाहतों तों मागच्या चाकाजवळ गिअरचें यंत्र ज्या पातळ धातूच्या तुकड्यावर टांगलेलें असतें, तो तुकडाच वांकला होता. प्रवास संपलेला असल्यामुळें त्या वेळीं फारसें बिघडलें नाहीं. परंतु हेंच लेहमध्यें, प्रवासाच्या आरंभीं घडलें असतें तर? म्हणून या वेळीं पेटीचा विचार आधीं आणि तिकिटांचा मागाहून, असें ठरलें.

विमानांतून सायकल नेण्यास सामान्यतः तीन प्रकारचीं आवरणें वापरतात. पहिली कठीण प्लास्टिकची, चाकें लावलेली पेटी. वर दुसरें सामान पडलें तरी ती सहसा दबत नाहीं. पण रिकामीच ११ ते १३ किलो भरते, आणि तिच्या किंमतींत एक साधी सायकल सहज येते. दुसरी जाड फोम घातलेली कापडी पिशवी. ती ६ ते ९ किलोंची. तिला ओरखडे अडवितां येतात, भार मात्र पुरता अडवितां येत नाहीं. तिसरें पुठ्ठ्याचें खोकें, ज्यांतून नव्या सायकली कारखान्यांतून दुकानांत येतात. त्याचें वजन तीन-चार किलो, आणि दुकानदार ओळखीचा असल्यास किंमत नाममात्र.

आमच्या सायकलीचें वजन १४ किलो. म्हणजे कठीण पेटींत ती २६ किलोंच्या आसपास जाते, खोक्यांत १८. देशांतर्गत प्रवासांत पुष्कळ विमानकंपन्या १५ किलोंपर्यंतचें सामान मोफत नेतात आणि ३२ किलोंवरील एकच नग सहसा स्वीकारीत नाहींत. कांहीं ठिकाणीं सायकलीचें शुल्क निराळेंच असतें. तें आधीं विचारून, आलेलें उत्तर लेखी जवळ ठेवावें, हें आमच्या नातीचें म्हणणें आम्हांस सर्वथा पटलें.

पण या हिशेबाहूनही महत्त्वाचा प्रश्न तिनेंच काढला. ती म्हणाली, “भाऊआजोबा, सायकल बाहेर काढल्यावर पेटी कोठें राहणार?” मनालीहून सायकलीनें लेहला जाणारा मनुष्य मनालीस परतत नाहीं; त्याची मौल्यवान पेटी मागें राहते आणि तो पुढें जातो. अशा एकमार्गी प्रवासास खोकेंच बरें. तें तेथेंच टाकावें आणि परत येतांना दुसरें मिळवावें. एकाच गांवीं मुक्काम करून तेथेंच परतणाऱ्यास कठीण पेटी सोयीची. आमचा मुक्काम लेहमध्येंच होता, म्हणून पेटी चालली असती. परंतु एका प्रवासासाठीं एवढा खर्च घरांत कोणास मानवेना. शेवटीं खोकें ठरलें.

मग बांधाबांध. पायडलें काढतांना एक गोष्ट ध्यानांत ठेवावी : उजव्या पायडलाचा आटा नेहमींप्रमाणें असतो, डाव्याचा उलटा. हें न जाणतां डाव्या पायडलावर जोर करणारा मनुष्य तें सैल करण्याऐवजीं अधिकच आंवळतो. आम्हीं तसेंच केलें, आणि नातीनें पाना हातांतून काढून घेतला. पुढील चाक काढून सांगाड्याच्या कडेस बांधलें. चिमट्याच्या दोन टोंकांमध्यें चाकाच्या जागीं आडवा तुकडा बसविला, म्हणजे बाहेरून दाब आला तरी टोंकें जवळ येत नाहींत. गिअरचें यंत्र त्याच्या तुकड्यावरून सोडवून, फडक्यांत गुंडाळून आंतल्या बाजूस बांधलें. हँडल सोडवून आडवें केलें. टायरांतील हवा कमी केली. सामानाच्या कक्षांतही हवेचा दाब राखलेला असल्यामुळें टायर फुटण्याचें भय वस्तुतः नसतें, पण कंपन्या तसें सांगतात. दिव्याची सुटी बॅटरी मात्र सामानांत घालावयाची नसते, ती हातच्या पिशवींत ठेवावी लागते.

दिवस आषाढाचे. वहिनींनीं खोक्याकडे पाहून विचारलें, “यावर पाऊस पडला तर?” ज्या बाईनें चाळीस वर्षें लोणच्याच्या बरण्यांस दादरे बांधून त्या मुंबई-नागपुरापर्यंत निर्धोक पोंचविल्या, तिचा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आम्हांस तत्काळ कुंतीची मंजूषा आठवली. ती आंतून चोहोंकडे मऊ अंथरलेली होती आणि मेणानें लिंपलेली होती. आम्ही मोठ्या अभिमानानें सगळी सायकल प्लास्टिकच्या कागदांत गुंडाळली. हँडलाचे चार लहान स्क्रू एका कागदी पुडींत घालून ती पुडी खोक्याच्या कोपऱ्यांत सोडून दिली. “ती सांगाड्याला बांधा,” असें नात म्हणाली होती. “एवढ्या मोठ्या खोक्यांतून पुडी जाते कोठें?” असें उत्तर आम्हीं दिलें.

पुण्याच्या विमानतळावर आम्ही आंत बसलों असतां बाहेर पावसानें जोर धरला. दिल्लीस विमान बदलून आम्ही सकाळीं लेहला उतरलों. तेथील धांवपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारें ३,२५६ मीटर उंचीवर आहे. चोहोंकडे तृणहीन, पिवळट-तांबूस डोंगर; त्यांच्या पायथ्याशीं सिंधूच्या कांठानें पॉपलर व वाळुंज वृक्षांच्या हिरव्या रांगा; आणि वर असें निळें आकाश, जें पुण्याच्या आषाढांत स्वप्नांतही दिसत नाहीं. ज्या सिंधूचें नांव आम्हीं वर्गांत इतकीं वर्षें उच्चारलें, ती प्रत्यक्ष समोर पाहून क्षणभर सायकलीचाही विसर पडला.

खोकें आलें तें पाहून मात्र भान आलें. तळ भिजून मऊ झाला होता आणि एक कोपरा फाटला होता. मुक्कामीं जाऊन उघडलें. सायकल कोरडी, चिमटा सरळ, गिअरचा तुकडा सरळ. परंतु पुडी नाहींशी झाली होती! त्या चार स्क्रूंवांचून हँडल बसत नाहीं, आणि हँडलावांचून सायकल म्हणजे केवळ लोखंड. नातीनें एक शब्दही उच्चारला नाहीं, आणि तें आम्हांस अधिक लागलें.

त्या रात्रीं झोंप येईना, तेव्हां चूक कोठें झाली हें उमगलें. कुंतीनें मेण मंजूषेस लाविलें होतें, बालकास नव्हे. पाण्याशीं झुंजावयाचें असतें तें पेटीला; पेटी टिकली तर आंतलें सर्व टिकतें. आम्हीं सायकल झांकली आणि खोकें उघडें सोडलें. जन्मभर मुलांस अन्वय शिकविला आणि स्वतः मात्र विशेषण भलत्याच विशेष्यास जोडलें!

सुदैवानें लेहला पोंचल्यावर पहिले दोन दिवस विश्रांति घ्यावीच लागते. विरळ हवेची शरीरास संवय झाल्याखेरीज श्रम करणें धोक्याचें. तिसऱ्या दिवशीं बाजारांत सायकली भाड्यानें देणारा एक लडाखी तरुण भेटला. त्यानें डब्यांतून मापाचे चार स्क्रू शोधून दिले, पैसे नाकारले, आणि दोन स्क्रू अधिक हातावर ठेवून म्हणाला, “हे सांगाड्याला बांधून ठेवा.” नात प्रथमच हंसली.

आणखी दोन दिवस सिंधूच्या कांठानें शे व ठिकसे येथपर्यंत सराव करून मग ती खिंडीकडे निघाली. आम्ही मागून मोटारीनें होतों. लेहपासून खारदुंग खिंड सुमारें ४० किलोमीटर, आणि उंची सुमारें ५,३५९ मीटर. साउथ पुल्लूच्या पुढें रस्ता खडबडीत होत गेला. दर थोड्या अंतरावर ती उतरे, श्वास घेई आणि पुन्हां निघे. दुपारीं ती माथ्यावरील पताकांपाशीं पोंचली, तेव्हां आमच्याच डोळ्यांस पाणी आलें. दोष वाऱ्याचा म्हणून सांगितलें.

पण आमचें काळीज खरें धडधडलें तें उतरतांना. एका बाजूस डोंगर, दुसऱ्या बाजूस दरी, आणि मधून ती वेगानें खालीं जात होती. त्या वेळीं तिचे प्राण दोन ब्रेकांवर, एका चिमट्यावर आणि त्या चार स्क्रूंवर होते. पेटीची परीक्षा विमानतळावर होते असें आम्ही समजत होतों. ती या उतारावर होते. खर्च, वजन, सोय यांचा विचार अवश्य करावा; परंतु प्रवासांत नकळत गेलेला एखादा तडा उतारावर उघडा पडला तर त्याची किंमत कोणत्याही पेटीहून मोठी असते. म्हणून आवरण कोणतेंही असो, पोंचल्यावर चिमटा, सांगाडा, चाकें व ब्रेक हीं उजेडांत तपासल्याखेरीज सायकलीवर बसूं नये.

परततांना तेंच खोकें आम्हीं दुरुस्त केलें. फाटक्या कोपऱ्यावर दुहेरी पुठ्ठा लाविला, तळास आडव्या पट्ट्या दिल्या. लेहच्या तपासणींत खोकें उघडावें लागलें, म्हणून चिकटपट्टीची गुंडाळी हातीं होती ती फार उपयोगी पडली. प्लास्टिक या वेळीं बाहेरून गुंडाळलें. सुट्या भागांची पिशवी सांगाड्यास सुतळीनें बांधली. गांठ नातीनें मारली आणि आम्हीं ती ओढून पाहिली.

पुण्यास खोकें भर पावसांत उतरलें आणि आंतून कोरडें निघालें. तें फेंकून द्यावें असें आम्ही म्हटलें. वहिनींनीं तें पुसून, घडी करून माळ्यावर ठेवविलें. “पुढच्या वर्षीं ती स्पितीला जायचें म्हणते आहे,” त्या म्हणाल्या, “आणि तुम्ही या वेळीं स्क्रू मोजून माझ्याकडे द्या.”