शनिवारी निघाले, सोमवारी पोचले

वाचकहो, आपला मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे असेल आणि ‘शनिवारी रात्री विमानात बसतो’ असा निरोप आला, तर रविवारी संध्याकाळी पाने मांडण्याची घाई करू नका. पाहुणा बहुधा सोमवारी पहाटे उतरेल. मधला रविवार कोठे गेला, हे कळण्यासाठी मुलांच्या अभ्यासातील पृथ्वीगोल आणि हातभर दोरा घ्या.

भिंतीवरील नकाशात बंगळूरहून सॅन फ्रान्सिस्कोस जाण्यास एक तर युरोप व अटलांटिक ओलांडावा, नाही तर जपान व पॅसिफिक, असे वाटते. गोलावर दोरा ताणून पाहा. तो उत्तरेकडे सरकत थेट सैबेरियाच्या उत्तर किनाऱ्यापर्यंत चढतो आणि मग खाली वळतो. हे अंतर सुमारे १४,००० किलोमीटर भरते. तोच दोरा अगदी उत्तर ध्रुवावरून नेला, तरी त्यात चारशे किलोमीटरांचीही भर पडत नाही.

हा ध्रुवावरचा मार्ग केवळ दोऱ्यापुरता नाही. ९ जानेवारी २०२१ रोजी, शनिवारी रात्री साडेआठच्या सुमारास एअर इंडियाचे विमान सॅन फ्रान्सिस्कोहून निघाले व उत्तर ध्रुवावरून उडत बंगळूरला आले. कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या सहकारी वैमानिक, सर्व महिलाच होत्या. विमान उतरले ते सोमवारी, ११ तारखेच्या पहाटे. प्रत्यक्ष उड्डाण मात्र सतरा तासांहून थोडेच अधिक होते. हिवाळ्यात आपले घड्याळ तेथील घड्याळाच्या साडेतेरा तास पुढे असते. ते निघाले तेव्हा आपल्याकडे रविवारचे सकाळचे दहा वाजले होते. आपला तो रविवार प्रवाशांनी आकाशातच घालविला.

उलट दिशेने हाच हिशेब गंमत दाखवितो. समजा, आपण जानेवारीत बंगळूरहून दुपारी अडीच वाजता निघालात आणि सोळा तास उडालात. तेथे उतराल तेव्हा त्याच दिवशीचे पाच वाजले असतील. घड्याळ म्हणेल अडीच तास. पाय मात्र सोळा तासांचे अवघडलेले असतील.

शिवाय वाराही हिशेबात हात घालतो. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोस जाणारे एअर इंडियाचे विमान पूर्वी अटलांटिकवरून, वाऱ्याच्या विरुद्ध जाई. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पॅसिफिकवरून नेण्यात आले. मार्ग हजार किलोमीटरांहून अधिक वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झाला. परंतु वारा पाठीशी असल्याने प्रवास सुमारे साडेचौदा तासांतच, म्हणजे पूर्वीपेक्षा लवकर आटोपला. लांबची वाट जवळची ठरली!

म्हणून घरातील वडीलधारी मंडळी अशा प्रवासास निघतील, तेव्हा एक गोष्ट अवश्य करा. तिकिटावरील सुटण्याची वेळ निघण्याच्या गावची, तर पोचण्याची वेळ उतरण्याच्या गावची असते. त्या दोहोंची नुसती वजाबाकी न करता खऱ्या उड्डाणाचे तास मोजा आणि कागदावर लिहून त्यांच्या हाती द्या. मधुमेहाचे वा रक्तदाबाचे औषध चालू असेल, तर तो कागद आधी डॉक्टरांना दाखवून मात्रांच्या वेळा ठरवून घ्या. घड्याळाचे काटे फिरविता येतात; शरीराला मात्र गेलेला प्रत्येक तास मोजावाच लागतो.