तळाशी उरलेली साखर

परवा नात अकरावीचं रसायनशास्त्राचं पुस्तक घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. "आजी, हे इक्विलिब्रियम मी तुला शिकवते. तू नुसती ऐक, म्हणजे माझं पक्कं होईल." मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. ऐकायला माझं काय जातंय!

"इक्विलिब्रियम म्हणजे समतोल," मी लगेच शब्द पुरवला. "तराजूची दोन्ही पारडी सारखी, काटा मध्ये, सगळं स्थिर."

"इथेच सगळे चुकतात गं. काहीच थांबत नाही."

मग तिने वहीवर मांडून दाखवलं. हायड्रोजन आणि आयोडीन बंद भांड्यात साधारण 450 अंश सेल्सिअसला तापवले की हायड्रोजन आयोडाइड तयार होतो. पण तयार झालेला फुटून पुन्हा हायड्रोजन आणि आयोडीनही होत असतात. आधी पुढची अभिक्रिया जोरात, उलटी मंद. हळूहळू दोन्हींचा वेग सारखा होतो. मग प्रमाण बदलत नाही, आत ये-जा मात्र चालूच. म्हणजे समतोलातला 'सम' वेगाचा आहे, मालाचा नाही! इतकी वर्षं शब्दार्थ शिकवले, पण हा शब्द मला असा कधी दिसला नव्हता.

आकडे तर आणखी गमतीचे. दोन्ही वायू एकेक मोल घ्या (मोल हे कण मोजायचं माप, आपलं डझन असतं तसं). शेवटी हायड्रोजन आयोडाइड सुमारे 1.56 मोल होतो आणि बाकीचे दोघे 0.22 मोल उरतात. उलट बाजूने, नुसता दोन मोल हायड्रोजन आयोडाइड घेऊन निघालात तरी तिथेच पोचता. 1.56 चा वर्ग करून त्याला 0.22 च्या वर्गाने भागलं की येतात साधारण 50. हा समतोल स्थिरांक. वायू कमीजास्त घाला, आकडा तोच. उत्प्रेरक घातला तर फक्त लवकर पोचायचं. तापमान बदललं तरच स्थिरांक बदलतो.

"साखरेचंही असंच असतं," ती सहज म्हणाली, आणि माझ्या पोटात गलबललं.

1984 साली विज्ञानाच्या बाई रजेवर होत्या, म्हणून सातवीचा त्यांचा तास माझ्याकडे आला. धडा संपृक्त द्रावणाचा. पेल्यात साखर घालत गेले, ढवळत गेले, शेवटी थोडी तळाशी उरली. एका मुलाने विचारलं, "बाई, खालची साखर आता गप्प बसली का?"

"हो, बसली. आता तूही बस."

वर्ग हसला. त्या वर्षी त्याने माझ्या तासाला पुन्हा हात वर केला नाही, मराठीच्याही नाही.

नातीने सांगितलं, अशा द्रावणात किरणोत्सारी साखरेचे दाणे टाकले तर काही वेळाने किरणोत्सार द्रावणातही सापडतो आणि तळच्या साखरेतही. तळची विरघळत असते, विरघळलेली तळाशी येत असते. मला उत्तर येत नव्हतं हा गुन्हा नाही. "बघून सांगते" म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?

त्याचं नाव आठवतं, पण इथे लिहीत नाही. आता पन्नाशी ओलांडली असेल त्याने. बाळा, कुठे वाचत असलास तर ऐक. ती साखर गप्प बसली नव्हती. बाईंना सांगायला चाळीस वर्षं लागली, एवढंच.