कार्डांना मानवणारी हवा

पुण्याहून चंदीगडला बदली झाली तेव्हा दागिन्यांपेक्षा जास्त जीव अडकला होता तो क्रिकेटच्या कार्डांत. शाळेत असताना बिग फन बबलगमबरोबर मिळालेली चित्रं आणि पुढे नोकरी लागल्यावर एकेक करून विकत घेतलेली, मर्यादित आवृत्तीची कार्डं. कपिल देवच्या गावात कपिलची कार्डं घेऊन राहायला यायचं, याचा आनंद मोठा होता.

दादाचा फोन आला, "अगं, सरळ बँकेच्या लॉकरमध्ये टाक आणि मोकळी हो."

मी चौकशी केली. रिझर्व्ह बँकेच्या २०२२पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याच्या लबाडीमुळे नुकसान झालं तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच. पूर, भूकंप, वीज यांचं नुकसान साधारणपणे तिच्यावर येत नाही. आत काय ठेवलंय हे बँकेला ठाऊकच नसतं. शिवाय इथल्या एससीओंना, म्हणजे खाली दुकान आणि वर कार्यालय अशा इमारतींना, बहुधा तळघर असतं; बँकेचे लॉकर तिथे असले तर पाण्याची भीती. जुलै २०२३मध्ये चंदीगडला एका दिवसात ३०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, सुखना तलावाचे दरवाजे उघडावे लागले. सोनं भिजलं तर पुसून घेता येतं. कार्डाचं तसं नाही.

आणि पाणी आत शिरायलाच हवं असंही नाही. इथे मे-जूनमध्ये पारा चाळिशीपार जातो, लगेच दमट पावसाळा, मग धुक्याची थंडी आणि खोलीत हीटर. कार्डाचा कागद दमट हवेत ओलावा शोषून फुगतो, वरचा चकचकीत थर मात्र तेवढा फुगत नाही. म्हणून कार्ड वाकतं. चोर एकदा येईल किंवा कधीच येणार नाही, हवा मात्र रोज येते. कुलूप हवंच, पण माझ्या मते आधी हवेचा बंदोबस्त.

धीर मिळाला तो सेक्टर १०च्या सरकारी संग्रहालयात. फाळणीनंतर लाहोरच्या संग्रहालयातल्या वस्तूंची वाटणी झाली, सुमारे ४० टक्के भारताच्या वाट्याला आल्या. अमृतसर, शिमला, पतियाळा असा मुक्काम करत त्या १९६८ साली वास्तुविशारद ल कार्बुझिएच्या या इमारतीत आल्या. कागदावरची नाजूक पहाडी चित्रं पाहताना मी बराच वेळ थांबले. एवढ्या फिरतीतून कागद टिकला, कारण प्रत्येक ठिकाणी कुणीतरी त्याच्यासाठी जीव टाकला असणार.

घरी आल्यावर आधी जुने पीव्हीसीचे अल्बम काढून टाकले. त्या प्लॅस्टिकमधलं मऊपणा आणणारं द्रव्य कालांतराने पाझरतं आणि छपाईला चिकटतं. आता प्रत्येक कार्ड पॉलिप्रॉपिलीनच्या मऊ पाकिटात, ते कडक प्लॅस्टिकच्या खोळीत, म्हणजे टॉपलोडरमध्ये, आणि सगळे टॉपलोडर घट्ट झाकणाच्या डब्यात. सोबत सिलिका जेलच्या पुड्या आणि छोटा आर्द्रतामापक. काटा पन्नाशीच्या आसपास राहिला की बरं. फार कोरडं झालं तर कागद ठिसूळ होतो, म्हणून हिवाळ्यात पुड्या कमी करते. निळे दाणे गुलाबी झाले की ते तापवून पुन्हा वापरता येतात.

डबा पहिल्या मजल्यावर, आतल्या भिंतीला लागून असलेल्या लोखंडी कपाटात, मधल्या फळीवर ठेवलाय. बाहेरची भिंत पावसात ओल धरते, म्हणून तिथे नाही. लॉकरही घेतला, पण त्यात खरेदीच्या पावत्या, दोन्ही बाजूंचे फोटो असलेला पेनड्राइव्ह आणि अनुक्रमांकांची यादी आहे. विमा काढताना हीच यादी लागली. दर जानेवारीत ती नवी करते.